पाचव्या अंकाचा पंचनामा

दिवसा मी न्यायमंदिरात टाइपरायटरपुढे,
खिडकीतून सूरसागराचा उजेड कार्बनवर पडतो.
रात्री दांडिया बाजारातल्या हॉलच्या डाव्या विंगेत
गुडघ्यावर वही, वहीवर बॅटरी, बॅटरीच्या काचेवर रुमाल.

अठरा वर्षं झाली. एकच नाटक,
कोजागिरीनंतरच्या शनिवारी,
आजोबांच्या वेळच्या दमछाक करणाऱ्या वाक्यांचं.
आणि अठरा वर्षं हेमांगी
पाचव्या अंकात नदीत उतरते.

प्रयोगानंतर मंडळी चहाला बसतात
आणि गुन्हेगार शोधतात.

दिघे वकील म्हणतात, राजा.
भर दरबारात शब्द दिला,
मग शब्द मोठा झाला नि मुलगी लहान.
राजाचं काम करणारे ताम्हाणे दाढी सोडवत म्हणतात,
माझा काय संबंध? मला तिसऱ्या अंकानंतर
प्रवेशच नाही.

नलूताईंचा राग दासीवर.
'पत्र आलं नाही' म्हणाली सटवी,
आणि पत्र तिच्याच कमरेला!
मी स्वतः खोचते ना दर वर्षी.

कुणी नावाड्याला धरतं:
अंधार पडला म्हणे, उद्या या.
त्याची बाजू कोणी घेत नाही.
त्याचं काम करणारा पोरगा
मोरीत कपबशा विसळत असतो.

नवऱ्याला मात्र कोणी काही बोलत नाही.
तो युद्धावर होता.

मी कोर्टातला माणूस.
तीनशे दोन टाइप करून करून माझ्या बोटांना कळतं
की आरोपी एक असला तर कागद लवकर संपतो.
पाच असले की तारखा पडतात,
आणि तारखांमागून तारखा पडताना
मेलेलं माणूस आधी 'मयत इसम' होतं,
मग 'सदर मयत',
मग नुसतं 'सदर'.

एक गोष्ट मी चहावर कधी काढली नाही.

त्र्याहत्तर साली हेमांगी होती कुसुम फणसे.
घाटाची शेवटची पायरी, लाकडी, जरा डुगडुगणारी.
नदी म्हणजे निळी नऊवारी,
दोन टोकांनी दोघं हलवताहेत.
तिथे ती थांबली.
वाक्य विसरली.
किंवा विसरली नव्हती.
पेटीवाल्यानं एक सूर धरून ठेवला.
साडी हलवणाऱ्यांचे हात अवघडले, नदी थबकली.
कुसुमनं विंगेकडे पाहिलं.
काहीतरी मागत होती, पण वाक्यच मागत होती
असं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

तेवढा वेळ हेमांगी जिवंत होती.

आणि नवव्या रांगेतून मांडवीचे एक कापडवाले शेठ,
ज्यांना आमचं मराठी अर्धंच कळायचं,
उठून उभे राहिले, हात पुढे करून म्हणाले,
'बेन, ऊभी रहे. ना जईश.'

हॉल हसला.
मी वहीत पाहिलं. बोट ओळीवर होतंच.
हळू आणि स्पष्ट, शिकवलं होतं तसं,
मी पुढचा शब्द तिच्या हवाली केला.

तिनं तो घेतला.
मग उतरली.
साडी पुन्हा हलू लागली, टाळ्या पडल्या.
शेठ दाराशी बराच वेळ चपला शोधत होते.
पुढच्या वर्षी नवव्या रांगेत मी मुद्दाम पाहिलं.
आले नव्हते.

वहीत त्या ओळीशेजारी
मी पेन्सिलनं लिहून ठेवलंय: थांबली. अंदाजे अकरा सेकंद.
सही केलेली नाही.

येत्या शनिवारी प्रयोग आहे.
यंदाची मुलगी पाठांतराला लोखंड आहे म्हणे,
कुठ्ठे अडायची नाही.
मला हे सांगताना
सगळ्यांचे चेहरे कसे उजळलेत.